पाहुण्यांचे केस

"दार हळू लावा. पाहुणे झोपलेत."

अंकलनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. सोलापुरात बँकेत नोकरी लागली होती आणि आईची एकच अट होती, राहायचं ते कॅथलिक घरात. श्रीरामपूरहून फोनाफोनी करून तिनंच हे घर शोधलं. रेल्वे लाइनच्या अलीकडच्या गल्लीतलं बैठं दगडी घर, त्यातल्या पुढच्या दोन खोल्या माझ्या, बाकीचं अंकलचं. अंकल रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. बायको वारलेली, मुलगा कॅनडात. उंच, काटकुळे, आणि घरात बसलेले असले तरी अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

मी दार हळू लावलं. मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत खाटेवर कुणीतरी पांढरी चादर ओढून निजलं होतं. चादरीबाहेर फक्त पावलं दिसत होती. सावळी, एकावर एक ठेवलेली.

आठवडाभर मी चवड्यांवर वावरले. त्या खोलीतून खोकला आला नाही, कूस बदलल्याची करकर नाही. ताट आत जाताना कधी दिसलं नाही. शेवटी न राहवून विचारलं, "अंकल, पाहुणे जेवत नाहीत का?"

"त्यांचा उपवास असतो की," अंकल म्हणाले. "बारमाही."

चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

पहिल्या सुट्टीच्या शनिवारी दुपारी मधल्या खोलीचं दार सताड उघडं दिसलं. अंकल खाटेच्या उशाशी स्टुलावर बसून पाहुण्यांचे केस विंचरत होते. लांब, काळे केस उशीवरून खाली सोडलेले होते आणि अंकल एकेक बट हातात घेऊन खालच्या टोकापासून गुंता सोडवत होते, लहान मुलीचे सोडवावेत तसे.

"या. ओळख करून देतो," ते म्हणाले.

मी उंबऱ्यातच थिजले. तो माणूस लाकडाचा होता. क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त. गुड फ्रायडेला चर्चमध्ये असा देह ठेवतात आणि लोक रांगेनं येऊन पायांचं चुंबन घेतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण ते वर्षातून एकदा, गर्दीत, मेणबत्त्यांच्या उजेडात. इथं तो खाटेवर निजला होता आणि खिडकीतून दुपारचं ऊन त्याच्या गुडघ्यांवर पडलं होतं. खांद्यांशी कातड्याचे सांधे होते, हात क्रुसावर पसरता यावेत आणि उतरवल्यावर अंगालगत ठेवता यावेत म्हणून. पापण्या पुरत्या मिटलेल्या नव्हत्या. फटीत काहीतरी ओलं चमकत होतं. काच असणार. पण खात्री करायला वाकून जवळ जावं लागलं असतं, आणि मी गेले नाही.

अंकलचे आजोबा गोव्याहून रेल्वेच्या नोकरीला इकडं आले तेव्हा हा देह त्यांनी गार्डाच्या डब्यातून, गोधडीत गुंडाळून आणला. त्याचं तिकीट काढलं होतं म्हणे. "विनातिकीट प्रवास आमच्या घराण्यात कुणी केलेला नाही," अंकल सांगायचे. चर्चच्या सामानाच्या खोलीला वाळवी लागायची, म्हणून आजोबांनी देह घरी ठेवून घेतला. गुड फ्रायडेला तो चर्चमध्ये न्यायचा, ईस्टरच्या आधी परत आणायचा. तीन पिढ्या हेच चाललं होतं.

"केस खरे आहेत?"

"घरच्या बाईचे द्यायचे, अशी पद्धत." मग माझ्या वेणीकडं बघत राहिले. "तुमचे केस चांगले आहेत."

त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात अंबाडा घालून, वर ओढणी घेऊन फिरत होते.

अंकलचा देवावर विश्वास नव्हता. हे ते लपवत नसत, चहा बिनसाखरेचा घेतो असं सांगावं तितक्या सहज सांगत. आणि तरी संध्याकाळी सातला जपमाळेची प्रार्थना चुकत नसे. खिडक्या उघड्या ठेवून, खणखणीत आवाजात, "नमो मरिया, कृपापूर्ण..." पुढचा अर्धा भाग मी म्हणायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला हजर, शेवटच्या बाकाच्याही मागं, दाराला पाठ लावून उभे. राखेच्या बुधवारी कपाळावर लावलेली राख दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत पुसू देत नसत. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी मी ऑफिसातून बिर्याणी घेऊन आले, तर ते दारातच उभे राहिले.

"अंकल, तुम्ही तर मानतच नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "श्रद्धा असलेल्यांचं चुकलं तर चालतं. त्यांना माफ करणारा कुणीतरी असतो. मला कोण माफ करणार? मला नियम कडकच पाळावे लागतात."

ती बिर्याणी मी शेजारच्या अक्कांना देऊन टाकली. त्यांच्या नातवांनी खाल्ली.

माझंही काही वेगळं चाललेलं नव्हतं. मी मिस्साला जायची ती आई रविवारी व्हिडिओ कॉल करायची म्हणून. एकदा मी झोपून राहिले, तर तिनं थेट अंकलना फोन लावला. मुलगी आली होती का? अंकल खोटं बोलत नसत. म्हणाले, "मी मागं उभा असतो हो. पुढचं काही दिसत नाही मला." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पुढच्या रविवारी पुढं बसा. दिसेल असं."

बँकेतला एक सहकारी मला आवडायचा. लिंगायत, जुळे सोलापूरला राहणारा. हे मी आईला सांगितलं नव्हतं, अंकलनाही नाही. पण तो एकदा मला गाडीवरून सोडायला आला, तेव्हा अंकल ओसरीत उभे होते. ते त्याच्याकडं पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. रागावले असतील असं मला वाटलं. पण तो राग नव्हता. फलाटावर उभा असलेला माणूस चालत्या गाडीत बसलेल्याकडं बघतो ना, तसं बघत होते.

शेजारच्या अक्का तेलुगू बोलणाऱ्या, हातमाग होते तेव्हापासून त्याच गल्लीत राहिलेल्या. दर शनिवारी त्या जाईचा गजरा आणून देत. अंकल तो पाहुण्यांच्या उशाशी ठेवत. एकदा अंकल घरी नव्हते, तेव्हा अक्कांनी गजरा माझ्या हातात दिला.

"ठेव नीट उशाला. तिला जाई लई आवडायची."

"कुणाला?"

अक्का माझ्याकडं पाहतच राहिल्या. मग पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी गजरा घेऊन मधल्या खोलीत गेले. चादरीखाली लाकडी देह नेहमीसारखा पडला होता, दाढी, बरगड्या, कुशीतली जखम. माझी नजर पहिल्यांदाच नुसत्या केसांवर थांबली. मधोमध भांग होता आणि कपाळाशी एक बट दुमडून कानामागं सारलेली होती. पुरुषाचे केस असे कुणी विंचरत नाही. मी गजरा उशीवर टाकला आणि पाठ न वळवता बाहेर आले.

उपवासकाळ अर्धा सरला तेव्हा कमिटीच्या बाई आल्या. चर्चच्या कमिटीत त्या कायमच्या होत्या, सत्तरीच्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. कोण मिस्साला येत नाही, कुणाच्या पोराचा बाप्तिस्मा राहिलाय, कोणाच्या मुलीचं कुठं जुळतंय, हे सगळं त्यांना ठाऊक असे. बरोबर नवीन फादर होते. तिशीतले, मऊ बोलणारे.

"तुम्ही ख्रिस्तप्रसाद घेत नाही," बाई म्हणाल्या. "पापनिवेदन करत नाही. लोक विचारतात, प्रभूचा देह अशा माणसाच्या घरी कसा काय?"

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही ते."

"आता विचारतात."

फादर समजुतीनं म्हणाले, "अंकल, एकदा पापनिवेदन करा. पाच मिनिटांचं काम आहे. विषय मिटेल."

मला वाटलं, करतील. बाकी सगळं करतातच की. आणि त्या रविवारी मिस्साआधी अंकल खरंच पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिले, आत गेले, गुडघे टेकले. थोड्या वेळानं बाहेर आले ते सरळ दाराशी, त्यांच्या नेहमीच्या जागी. त्यांच्यामागून फादर बाहेर आले. रांगेत अजून माणसं होती, पण फादर त्यांच्याकडं न बघता आतल्या खोलीत गेले आणि पाणी प्यायले.

घरी आल्यावर अंकलनी चहा टाकला. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलू लागले.

"मी म्हटलं, फादर, माझं पाप एकच. मी एका दारामागं उभा होतो, ते दार उघडलं नाही. फादर म्हणाले, पश्चात्ताप होतो का? म्हटलं, रोज होतो. ते म्हणाले, मग देवाकडं क्षमा मागा. म्हटलं, देवाकडं का मागू? मी दार काय देवाच्या तोंडावर लावलं होतं?"

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, पण फडकं काही उचललं नाही.

त्यांना एक बहीण होती. त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेत असताना तिला विषमज्वर झाला, वाचणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आईनं नवस केला. पोरगी वाचली. तिची वेणी मुळापासून कापून पाहुण्यांना वाहिली. आधीचे केस आजीचे होते, कसरीनं खाल्लेले. ते काढून हे शिवले. मुलगी डोक्याला रुमाल बांधून चर्चमध्ये आली आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. पुढं तिनं पलीकडच्या गल्लीतल्या, हातमागवाल्या घरातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. घरात तिचं नाव घ्यायचं बंद झालं. चर्चमध्येही. पुढच्या-मागच्या बाकांवरचे सगळे जण वडिलांच्या तोंडाकडं बघत होते, हा माणूस आता काय करतो म्हणून. वडिलांनी तेच केलं जे सगळ्यांना बघायचं होतं.

"ते केस उपटून टाकायला निघाले होते वडील. पण गुड फ्रायडे तोंडावर आलेला. दुसरे केस कुठले? आईनं तिचे द्यायला नकार दिला. आयुष्यात आईनं नकार दिलेली ती एकच गोष्ट. पाहुण्यांना टकलं कसं ठेवायचं? राहिले ते केस."

पहिल्याच बाळंतपणात बहीण गेली. बाळही गेलं. नवऱ्यानं चर्चच्या फाटकाशी विनवणी केली, तिला तुमच्या मातीत जागा द्या. मिळाली नाही. मग त्याच्या लोकांनी तिला स्मशानात न्यायचं ठरवलं, आणि नेताना तिरडी याच गल्लीतून आणली, याच घरासमोर थांबवली. नवरा हाक मारत राहिला, "एकदा बघून घ्या." वडिलांनी आतून कडी लावली होती. अंकल कडीपाशी उभे होते. तेव्हा ते विशी ओलांडलेले, धडधाकट. वडिलांनी हात धरला नव्हता, नुसतं बघितलं होतं.

"तिचं जगात एवढंच उरलंय," ते म्हणाले. "बाकी जळालं. म्हणून ठेवलंय सगळं. मिस्सा, जपमाळ, राख. मी सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी देह घेऊन गेले असते. आणि मजा बघा, ज्यांनी तिला फाटकातून आत घेतलं नाही, ते दरवर्षी तिच्या केसांपुढं गुडघे टेकतात. कुणाला आठवतसुद्धा नसेल."

हे सांगताना ते हसले. ते हसू मला अजून नको वाटतं.

देह अंकलकडं ठेवायचा नाही असं कमिटीनं ठरवलं, आणि गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी तो न्यायला छोटा टेम्पो आला. अंकलनी स्वतः चादर काढली. आदल्या दिवशीच बसून त्यांनी केसांची शिवण उसवली होती. ते गुळगुळीत लाकडी डोकं बघून टेम्पोबरोबर आलेली माणसं मागं सरकली.

"केस?" कमिटीच्या बाईंनी विचारलं.

"पाहुणे तुमचे. केस घरचे."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "पुण्याहून विग मागवू." टेम्पो निघून गेला.

त्या आठवड्यात मला घरी यायला नको वाटायचं. मधल्या खोलीतून फणीचा आवाज यायचा. अंकल कुणाशी तरी हळू बोलायचे, आज पॅसेंजर लेट आहे, आज ऊन फार आहे. एकदा दार उघडं राहिलं होतं. खाटेवर चादर अंथरलेली होती, मधे उशा लावून तिला माणसाचा आकार आणलेला, आणि वरच्या उशीवर केस पसरलेले, मधोमध भांग पाडून. चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं कापड. अंकलनी वळून बघितलं आणि बोटानं मला गप्प राहायची खूण केली.

गुड फ्रायडेची प्रार्थना दुपारी तीनला. अंकल आले नाहीत. आयुष्यात त्यांनी चुकवलेली पहिली. बाहेर चाळीसच्या वर तापमान, आत पंखे बंद, कारण त्या दिवशी मेणबत्त्या विझू द्यायच्या नसतात. देह वेदीपुढं ठेवला होता. नायलॉनचा विग चकचकीत, तपकिरी, एका बाजूला कललेला. नाटकातला माणूस मेकअप न उतरवता मेला असावा तसं दिसत होतं.

रांग सुरू झाली. तरुण मंडळी वाकली, पायांना ओठ लावले, निघाली. मग म्हाताऱ्या बायका आल्या. पहिली वाकली, पायांचं चुंबन घेतलं आणि निघण्याऐवजी वळसा घालून डोक्याकडं गेली. तिचा हात आपोआप पुढं झाला. केसांपर्यंत पोचायच्या आत थांबला. ती तशीच उभी राहिली, हात हवेत. दुसरी आली, तिचंही तेच. तिसरीचंही. बघता बघता देहाच्या डोक्याभोवती सात-आठ म्हाताऱ्या उभ्या राहिल्या, सगळ्यांचे हात अर्धवट उचललेले, आणि पुढं जायची रांग जागीच थांबली. फादरांना काय चाललंय कळेना. या बायका दरवर्षी हेच करत आल्या असणार. पायांचं चुंबन प्रभूसाठी, आणि मग डोक्यापाशी जाऊन कुणाला तरी हळूच कुरवाळायचं. मी ज्याला अंकलचं गुपित समजत होते, ते या सगळ्यांना ठाऊक होतं.

कमिटीच्या बाई त्यांच्यात सगळ्यात शेवटी उभ्या होत्या. त्यांनी विगला हात लावला, आणि भाजल्यासारखा मागं घेतला.

ऊन उतरायच्या आत त्या आमच्या दारात होत्या. एकट्या. अंकल ओसरीत बसले होते.

"केस दे," त्या म्हणाल्या. इतके दिवस 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाई एकदम 'तू'वर आल्या होत्या.

"कुणाचे?"

"माहितीये तुला."

"मला माहितीये. तुला माहितीये का?"

बाई पायरीवर बसल्या. "एका बाकावर बसायचो आम्ही. वेणी कापली तेव्हा मी धरली होती, तुझ्या आईनं कात्री चालवली. मी विसरेन?"

अंकल उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांना आठवत होतं? आणि तरी फाटक उघडलं नाही कुणी?"

"तू तरी कुठं उघडलंस दार?" बाई म्हणाल्या. रडत नव्हत्या. "तुझ्या वडलांकडं आम्ही बघत होतो, आमच्याकडं तुझे वडील. कुणीतरी आधी हलेल म्हणून सगळे थांबलो. थांबता थांबता म्हातारे झालो."

मालगाडी गेली, घराच्या काचा थरथरल्या.

"नाव घे तिचं," अंकल म्हणाले. "नाव घेतलंस तर देतो."

बाईंनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पन्नास वर्षं न उच्चारलेला शब्द घशातून वर यायला वेळ लागत असावा. शेजारच्या अक्का त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"फिलोमिना," बाई म्हणाल्या.

अंकलनी डोळे मिटले. आत गेले आणि पांढऱ्या कापडात बांधलेले केस घेऊन आले. बाईंनी ते दोन्ही हातांवर घेतले, न्हाऊ घातलेलं मूल घ्यावं तसे, आणि चर्चच्या दिशेनं चालू लागल्या. अक्का त्यांच्याबरोबर गेल्या.

देह अंकलकडं परत आला नाही. त्यांनी मागितलाही नाही. फादरांनी चर्चमध्येच त्याला काचेचं कपाट करून घेतलं. अंकल जपमाळ म्हणेनासे झाले, पण कुणी विचारायला आलं नाही. मी आईला त्या मुलाबद्दल सांगितलं. तिनं महिनाभर फोन केला नाही, मग केला. ती वेगळी गोष्ट.

नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा असते. त्या वर्षी गेलेल्यांची आणि घरोघरच्या आठवणीतल्यांची नावं वाचतात. कमिटीच्या बाई वाचत होत्या. चर्च गच्च भरलं होतं, लोक भिंतीला टेकून उभे होते. अंकल त्या दिवशी दाराशी उभे राहिले नाहीत. माझ्या शेजारी, बाकाच्या कडेला बसले.

बाईंनी नाव वाचलं. पूर्ण वाचलं, माहेरचं आडनाव लावून, मग सासरचं. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी एकाच वेळी माना वळवून दाराकडं बघितलं, कुणी उशिरा आत येत असावं तसं. दारात कुणी नव्हतं.

अंकल बाकावर माझ्याकडं सरकले. कडेला एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली. मिस्सा संपेपर्यंत माणसं उभी होती, काही अगदी आमच्या बाकाला खेटून. तिथं कुणी बसलं नाही.